अंगठ्याजवळचं हाड: चप्पल तपासण्यापासून ऑपरेशननंतरच्या चालीपर्यंत

पाय बघायच्या आधी आम्ही चप्पल उलटी करून बघतो. टाचेची मागची, बाहेरची कड झिजलेली असेल तर त्यात काही विशेष नाही. चालताना टाच तिथेच आधी टेकते. आतली कड झिजली असेल तर पाऊल आत कलतंय. मग चप्पल सुलटी करायची आणि बोटांच्या मुळाशी घामाचा काळा ठसा कुठे उमटलाय ते पाहायचं. अंगठ्यामागे ठसा फिका आणि दुसऱ्या बोटामागे गडद असेल, तर अंगठ्यानं वजन घेणं सोडलंय आणि ते ओझं शेजारच्या बोटावर पडलंय. पेशंट अजून काही बोललेला नसतो, पण दुखतंय कुठे याचा अंदाज आलेला असतो.

मग मागणी येते. जालना, परभणी, हिंगोलीकडून येणाऱ्या बायका बहुतेक एकच वाक्य बोलतात: "डॉक्टर, अंगठ्याचं हाड वाढलंय, तेवढं घासून काढा." जुन्या कागदावर कुणीतरी 'बनियन' किंवा 'हॅलक्स व्हॅल्गस' लिहिलेलं असतं. खरं तर इथे नवं हाड फारसं वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड आतल्या बाजूला, म्हणजे दुसऱ्या पायाच्या दिशेनं सरकतं आणि अंगठा उलटा, दुसऱ्या बोटाकडे झुकतो. या दोघांच्या मधला सांधा कोपरासारखा बाहेर येतो; तोच आपल्याला उंचवटा दिसतो. त्या सांध्याखाली हरभऱ्याएवढी दोन हाडं असतात, ज्यांच्यावर चालताना अंगठा रेलतो. लांब हाड सरकलं की ती दोन्ही आपल्या खोबणीतून निसटतात. मग अंगठा ओढणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हे, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) सरळ ओढायच्या ऐवजी तिरप्या ओढायला लागतात, आणि प्रत्येक पावलागणिक अंगठा आणखी वाकडा होतो. म्हणून हा आजार आपोआप मागे जात नाही. हळू चालतो, वर्षानुवर्षं एका जागी थांबतोही, पण उलट फिरत नाही.

कारण एकच नसतं. आई, मावशी किंवा आजीच्या पायाला तेच असतं, हे विचारल्यावर बऱ्याच जणी मान डोलावतात. पावलाची ठेवण आणि सांध्यांचा सैलपणा घराण्यातून येतो. त्यावर टोकदार, अरुंद पादत्राण मिळालं की काम पक्कं होतं. बायकांमध्ये याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बरंच जास्त आहे. अनवाणी राबणाऱ्या बाईला होत नाही असं मात्र समजू नका. रानात जन्म घालवलेल्या आजींचे अंगठेही वाकडे असतात, फक्त त्या दुखण्यासाठी येत नाहीत. दुसरं बोट अंगठ्यावर चढून चपलेत मावेनासं झालं की येतात.

तपासणी उभं करूनच करायची. खाटेवर आडवा पाय बराच सरळ दिसतो. पेशंटला साडी किंवा धोतर गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगून पुढून आणि मागून बघायचं. मागून टाचेच्या बाहेर नेहमीपेक्षा जास्त बोटं डोकावत असतील तर पाऊल सपाट होतंय. मग चवड्यांवर उभं राहायला लावायचं. त्यानंतर बसवून अंगठा हातानं सरळ करून बघायचा: सहज येतो, की अडतो? सरळ करून वर-खाली फिरवताना दुखतो का? सांधा आतून झिजला असेल तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. अंगठा वरच्या दिशेला साधारण 65 ते 70 अंश वळायला हवा. तो जेमतेम वळत असेल आणि उंचवटा आतल्या कडेला नसून सांध्याच्या माथ्यावर असेल, तर हा वाकडेपणा नव्हे, आखडलेला झिजका सांधा आहे. त्याला लवचिक नव्हे, कडक तळाचं पादत्राण लागतं.

आणखी एक गफलत सारखी होते. रात्रीतून अंगठ्याचा सांधा लाल, गरम, टम्म होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. हा बहुतेकदा युरिक अॅसिडचा झटका असतो. वाकडा अंगठा असा एका रात्रीत पेटत नाही. झटक्याच्या वेळी रक्तातलं युरिक अॅसिड नॉर्मलही येऊ शकतं, त्यामुळे तेवढ्या एका रिपोर्टवर निकाल लावू नये. झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी परत तपासावं.

एक्स-रेचं तर आम्ही चिठ्ठीवर ठळक लिहून देतो: उभं राहून, दोन्ही पावलांचा, वरून आणि बाजूने. तालुक्याच्या सेंटरवर पेशंटला टेबलावर झोपवून फिल्म काढतात आणि खाली 'नॉर्मल' असा शेरा येतो. वजन पडल्याशिवाय हाडं पसरतच नाहीत, तर फिल्ममध्ये दिसणार काय? प्लेट जमिनीवर, पेशंट तिच्यावर उभा, ट्यूब टाचेकडे साधारण 15 अंश झुकवलेली. एवढं सांगितलं की कुठलाही टेक्निशियन नीट फिल्म काढतो. मग फिल्मवर रेघा मारायच्या. अंगठा आणि त्यामागचं लांब हाड यांतला कोन 15 अंशांच्या आत असेल तर ठीक. 20 पर्यंत सौम्य, 20 ते 40 मध्यम, 40 च्या पुढे तीव्र. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांतला कोन 9 अंशांच्या आत हवा. ऑपरेशन कुठलं करायचं ते मुख्यतः या दुसऱ्या कोनावर ठरतं. दुखणं मात्र कोनावर ठरत नाही. 35 अंशांचा अंगठा घेऊन कुणी वारीला पैठणहून पंढरपूर चालत जातं, आणि कुणाला 18 अंशांवर घरात फिरवत नाही.

आता पादत्राण. निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटू शकतात, आणि नेमकं हेच ऐकायला कुणाला आवडत नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कोऱ्या कागदावर उभं राहा. दुसऱ्या माणसानं पेन्सिल अगदी उभी धरून पावलाभोवती रेघ काढावी. पेन्सिल आत तिरपी झाली की पाऊल कागदावर अर्ध्या सेंटिमीटरनं बारीक होतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. दोन्ही पावलं काढायची; जे मोठं येईल त्याचं माप धरायचं. आता वापरातली चप्पल किंवा बूट त्या रेघेवर ठेवून बघा. पादत्राणाची कड रेघेच्या आत जात असेल, तर फरक जेवढा तेवढं पाऊल रोज आत कोंबलं जातंय. ऑफिसला जाणाऱ्या मुलींच्या बेली या कागदावर ठेवल्या की पुढे वेगळं काही समजवावं लागत नाही.

दुकानात जाताना हाच कागद कापून न्यायचा आणि बुटात सरकवून पाहायचा. तो दुमडायला नको. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण एक सेंटिमीटर जागा हवी. टाच अडीच सेंटिमीटरपेक्षा उंच नको, कारण उंच टाचेत सगळं वजन पुढे घसरून बोटं टोकात रुततात. तळ हातानं वाकवून बघा: तो बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध नाही. उंचवट्यावर शिलाई किंवा जाड पट्टा यायला नको. आपल्याकडे सगळ्यांच्या पायात असते ती रबरी स्लीपर रुंदीला बरी, पण मागे पट्टा नसल्यामुळे ती धरून ठेवायला बोटं सतत आकड्यासारखी वळतात आणि व्हीच्या आकाराची पट्टी नेमकी उंचवट्यावरून जाते. कोल्हापुरीच्या अंगठ्यात बोट अडकवलं की ते सरळ होईल असंही नाही. मागे पट्टा आणि पुढे वेल्क्रो असलेली रुंद सँडल यापेक्षा चांगली.

नवं घ्यायची ऐपत नसेल तर चामड्याचा बूट मोच्याकडे द्या. उंचवट्याच्या जागी खडूनं खूण करून फर्म्यावर तेवढीच जागा ताणून मिळते. रेक्झिन ताणलं जात नाही, चिरतं. फवारणीला किंवा चिखलात घालायचे गमबूट एक नंबर मोठे घेऊन जाड मोज्यावर घाला, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या आणि घासलेलं कातडं अशी दोन दुखणी एकदम येतात.

मेडिकलमध्ये मिळणारा सिलिकॉनचा तुकडा अंगठा आणि दुसऱ्या बोटात घालतात. घासणं कमी होतं, बरं वाटतं. हाड जागेवर येत नाही. जाड तुकडा घेतला तर तो दुसऱ्या बोटालाच बाहेर ढकलतो, म्हणून पातळ घ्या, आणि तो घालून बूट घट्ट होत असेल तर बूट बदला. रात्री बांधायच्या पट्ट्यांचंही तेच: बांधलेल्या असेपर्यंत सरळ. व्यायामानं पाय सैल राहतो, बोटांची ताकद टिकते, एवढ्यासाठी तो करावा. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, गुडघा सरळ, टाच जमिनीवर, 30 सेकंद, तीन वेळा. आणि बोटं न वळवता पावलाची कमान उचलायची. पोटरी आखडलेली असली की चवड्यावरचा दाब वाढतो, त्यामुळे यातलं एकच करणार असाल तर पोटरी ताणा.

कुरूप झालं की लोक कॉर्न कॅप लावतात. त्यात सॅलिसिलिक अॅसिड असतं. ते कातडं जाळतं आणि कुरूप कुठलं, चांगलं कातडं कुठलं हे त्याला कळत नाही. ज्याला शुगर आहे किंवा ज्याच्या पायाला बधिरपणा आहे त्यानं ती लावायचीच नाही. वाकडं बोट बुटाला घासतंय म्हणून कुरूप होतं. घासणं चालूच राहिलं तर कापलेलं कुरूप महिन्याभरात परत उगवतं. ब्लेडनं घरी कापू नका.

अंगठा दुसऱ्या बोटाखाली शिरला की त्या बोटाचा मधला सांधा वर उचलला जातो आणि हातोड्यासारखं बोट तयार होतं. हातानं सरळ होत असेल तोवर उंच पुढ्याचं पादत्राण आणि टेपिंग यावर भागतं. घट्ट झालं की ऑपरेशन. पण एखाद्या तरुणाच्या दोन्ही पायांची सगळीच बोटं आकड्यासारखी वळलेली असतील आणि कमान फार उंच असेल, तर दोष बुटात शोधू नका. तिथे नसांची आणि मणक्याची तपासणी लागते.

सपाट पायाची भीती आईबापांना फार असते. पाच-सहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचं पाऊल सपाटच दिसतं. मुलाला चवड्यावर उभं करा: कमान उमटली आणि टाच आत वळली तर पाऊल लवचिक आहे. दुखत नसेल तर काहीही करायचं नाही. महागड्या इनसोलमुळे कमान तयार होत नाही. दुखणाऱ्या पायाला तेवढा आराम मिळतो. ज्याची कमान चवड्यावर उभं राहूनही येत नाही, ज्याचं पाऊल आखडलंय, किंवा ज्याचा एकच पाय सपाट आहे, त्याला मात्र दाखवा. पंचेचाळिशीनंतर एखाद्या बाईचा एकच पाय हळूहळू सपाट होऊ लागला, आतल्या घोट्यामागे दुखतंय आणि त्या एका पायावर टाच उचलता येत नाही, तर कमान धरणारी शीर कमजोर झालीय. ही तक्रार 'मुरगळलंय' म्हणून वर्षभर तेल चोळत काढली जाते, आणि तेवढ्या काळात सोपा इलाज हातचा जातो.

जन्मतः आत वळलेलं पाऊल हा वेगळाच विषय, पण उशीर करू नये म्हणून इथेच सांगतो. बाळाचं पाऊल हातानं सहज सरळ होत असेल तर ती गर्भातली ठेवण असते, सुटते. होत नसेल तर पहिल्या काही आठवड्यांतच पोन्सेटी पद्धतीचं प्लास्टर सुरू करायचं: दर आठवड्याला एक, जांघेपासून बोटांपर्यंत, गुडघा काटकोनात, साधारण पाच ते सात. बहुतेकांना शेवटी टाचेमागची शीर बारीक छेदानं सोडवावी लागते, मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर. त्यानंतर दांड्याचे बूट: पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, नंतर चार-पाच वर्षांचं होईपर्यंत रात्री आणि दुपारच्या झोपेत. पाय परत वळतो तो जवळजवळ नेहमी हे बूट सोडल्यामुळे. पाय दिसायला सरळ झाला की आजी म्हणते, "लेकराला कशाला छळता?", आणि बूट माळ्यावर जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत हा दोष आहे. अंगणवाडी तपासणाऱ्या पथकाकडून जिल्हा रुग्णालयात चिठ्ठी मिळते.

बधिर पायाचे नियमच वेगळे. 10 ग्रॅमचा नायलॉनचा तंतू तो वाकेपर्यंत तळव्याला टेकवायचा, पेशंटचे डोळे बंद. एखाद्या जागी कळलं नाही तर तो पाय धोक्याचा धरायचा. असा वाकडा अंगठा दुखत नाही, म्हणून फोड येतो, फुटतो, आणि मोज्यावर डाग दिसेपर्यंत पत्ता नसतो. एप्रिल-मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळवे भाजून आलेले शुगरचे पेशंट दर उन्हाळ्यात येतात. त्यांनी सकाळी लवकर जावं, किंवा मोजे घालून फिरावं. आणखी एक: शुगरच्या पेशंटचं पाऊल एकाएकी गरम, सुजलेलं आणि तरीही फारसं न दुखणारं झालं, तर चालणं त्याच क्षणी थांबवा. आतली हाडं ढासळत असू शकतात. मुरगळलंय समजून चालत राहिलं तर महिन्या-दोन महिन्यांत तळवा खाली फुगीर होतो आणि तिथे जखम पडते. कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या पायांना सरकारी कार्यक्रमातून एमसीआर चप्पल (मऊ, बारीक छिद्रांच्या रबराची) मोफत मिळते. ती घरातसुद्धा घालायची.

ऑपरेशन कुणाला? रुंद पादत्राण तीन ते सहा महिने इमानदारीनं वापरूनही ज्याचं दुखणं थांबत नाही, ज्याचं दुसरं बोट चढलंय, त्याला. लग्नात पाय चांगला दिसावा म्हणून नाही. न दुखणारा पाय ऑपरेशननंतर दुखायला लागला तर तो परत पहिल्यासारखा करता येत नाही. वाढीच्या वयातल्या मुलींना हाडं पुरती वाढेपर्यंत थांबवतो, त्यांच्यात परत वाकडं होण्याचं प्रमाण जास्त असतं. गुटखा, तंबाखू, विडी किमान महिना-दीड महिना आधीपासून आणि हाड जुळेपर्यंत बंद. निकोटिननं हाड उशिरा जुळतं, कधी जुळतच नाही. जोडव्यांचं पहिल्याच भेटीत बोलून घ्यावं. सुजलेल्या बोटातली जोडवी ऑपरेशनच्या टेबलावर सोनाराला बोलवून कापायची वेळ कुणावर येऊ नये. दोरा गुंडाळून घरीच उतरवा. छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा अंबाजोगाईचं स्वाराती अशा सरकारी रुग्णालयात जाणार असाल तर आरोग्यमित्राच्या टेबलावर निदानाचा कागद दाखवून सरकारी आरोग्य योजनेचं आधीच विचारा, भरती झाल्यावर नाही.

तारीख शेतीच्या हिशेबानं धरावी लागते. रानातलं काम तीन ते चार महिन्यांनी जमतं. मृगाच्या पेरणीला उभं राहायचं असेल तर ऑपरेशन फेब्रुवारीत. मे महिन्यात करून जूनमध्ये वाफशाला उतरणारे टाके नाही, हाड बिघडवून येतात.

ऑपरेशन साधारण तासाभराचं, घोट्यापासून खाली किंवा कमरेखाली बधिर करून. आतल्या कडेला छेद घेऊन बाहेर आलेला भाग थोडा तासतात, पण खरं काम पुढे असतं: लांब हाडाला व्हीच्या आकाराचा काप देऊन त्याचं टोक काही मिलिमीटर बाहेरच्या बाजूला सरकवायचं आणि स्क्रूनं पक्कं करायचं. कोन मोठा असेल तर काप हाडाच्या लांबीभर, किंवा मागच्या सांध्यातच जोडणी. सांधा झिजलेला असेल तर अंगठ्याचा सांधाच कायमचा जोडून टाकतात. नुसतं हाड घासून काढलं तर पाय काही दिवस छान दिसतो आणि अंगठा परत वाकतो, कारण सरकलेलं हाड होतं तिथेच राहतं.

घरी गेल्यावर पहिले दोन आठवडे पाय छातीच्या वर, तासातले पन्नास मिनिटं. साध्या व्ही कापानंतर टाचेवर भार देणारा खास बूट घालून संडासापर्यंत चालता येतं. मोठ्या जोडणीत कधी सहा आठवडे भारच टाकायचा नसतो. उकिडवं बसायचं नाही. संडासासाठी खुर्ची आधी आणून ठेवा. बँडेज नुसतं जखमेवरचं कापड नसतं, त्यानं अंगठा सरळ धरून ठेवलेला असतो. गावातला कंपाउंडर ते सोडून नवं बांधतो, गुंडाळी उलट्या दिशेनं जाते, आणि हळूहळू अंगठा परत दुसऱ्या बोटाकडे ओढला जातो. म्हणून ड्रेसिंग त्याच दवाखान्यात, नाहीतर बांधायच्या दिशेचा फोटो बरोबर देतो. भिजलं तर वाळवत बसू नका, बदलून घ्या.

साधारण 12 ते 14 दिवसांनी टाके निघतात आणि अंगठा हलवायला सुरुवात होते, जोडणी केलेली नसेल तर. टोक धरून हलवू नका, सांध्याजवळच्या हाडाला धरा. वर-खाली दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. इथे आळस केला तर अंगठा सरळ पण ताठ राहतो. सहा आठवड्यांनी उभ्यानं एक्स-रे, हाड जुळलं असेल तर रुंद बूट. डाव्या पायाचं ऑपरेशन असेल तर मोटरसायकल आणखी लांबवा, कारण गिअर वर उचलताना दांडा नेमका त्याच सांध्यावर येतो. संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभर राहते. अंगठ्याच्या आतल्या कडेला थोडी बधिरता राहू शकते. दुसऱ्या बोटाखाली नवं दुखणं सुरू झालं तर आधीची चप्पल आणि नवी चप्पल दोन्ही घेऊन या. पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, किंवा जखमेतून पू आला, तर मात्र तारखेची वाट बघू नका.

दोन्ही पाय वाकडे असले तरी आम्ही बहुतेकदा एकेकच करतो, जास्त दुखणारा आधी. दुसऱ्याचा विचार पहिल्या पायानं बिनधास्त चालता यायला लागल्यावर, चार-सहा महिन्यांनी. तोपर्यंत बऱ्याच जणी म्हणतात, रुंद चपलेत दुसरा काही त्रास देत नाही, राहू द्या. आम्ही राहू देतो.